परक्या गावाचे ताट, परक्या गावाचा धूर

वाचकहो, परदेशी निघालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या बॅगा भरल्या जाताना तुम्ही पाहिल्या असतील, तर त्यांतला क्रम तुम्हांला ठाऊक असेल. तळाशी कपडे, त्यांवर गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचे पीठ, आमसुले, एका कोपऱ्यात लहान कुकर, आणि सर्वांत वर, चटकन हाताशी यावी अशी, औषधांची पिशवी. पावणेदोन वर्षांपूर्वी पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही स्पेनमधील व्हॅलेन्सिया या शहरी राहावयास निघालो, तेव्हा आमची औषधांची पिशवी मसाल्यांच्या पिशवीहून जड होती. आमच्या मुलाला त्या वेळी सातवे सरून आठवे लागले होते, आणि चौथ्या वर्षापासून त्याला दमा आहे. या सदराच्या वाचकांना ते नवीन नाही. दिवाळीच्या धुराविषयी आणि पंपाची सवय लागेल म्हणून घाबरणाऱ्या आजी-आजोबांविषयी मी येथे पूर्वी लिहिले आहे. आज लिहिणार आहे ते माझ्या स्वतःच्या एका चुकीविषयी. तुमच्यापैकी कोणाची मुले-नातवंडे बाहेरगावी असतील, किंवा उद्या तुम्हीच कोठे बिऱ्हाड थाटणार असाल, तर कदाचित ते उपयोगी पडेल.

आहारशास्त्राची पदवी पदरी असल्याने माझा आत्मविश्वास दांडगा होता. मुलाचा श्वास सांभाळायचा तर बाहेरचे अन्न, बाहेरची हवा आणि बाहेरची गर्दी ही तिन्ही जमेल तितकी दाराबाहेरच ठेवायची, असे मी ठरवून टाकले. घरात सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी वरण-भात, रात्री साडेसातला पोळी-भाजी. शाळेत दुपारी दोन तासांची सुट्टी असे. बहुतेक मुले शाळेच्या भोजनगृहात जेवत आणि उरलेला वेळ पटांगणात खेळत. घरचा डबा आत नेण्याची परवानगी नव्हती; ज्यांना शाळेचे जेवण नको त्यांनी मूल घरी न्यावे आणि वेळेवर परत आणून सोडावे, असा नियम. मी रोज त्याला घरी आणीत असे. गरम वरण-भात, वर लोणकढे तूप, लिंबाची फोड. तो मुकाट्याने जेवे, मी मुकाट्याने पाही, आणि मनात म्हणे, परदेशातही आपण मुलाचे किती चांगले करतो आहोत!

मग मार्च महिना उजाडला. व्हॅलेन्सियाचा मार्च म्हणजे फायासचा सण. गल्लोगल्ली मंडळे असतात, त्यांची स्वतःची जागा असते, वर्गणी असते, वाद असतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला फारसे समजावून सांगावे लागत नाही. शहरात अशी सुमारे ४०० मंडळे आहेत. प्रत्येक मंडळ चौकात एक भव्य देखावा उभारते, त्यालाच ‘फाया’ म्हणतात, आणि शेजारी लहान मुलांसाठी एक छोटी बालफाया. देखावे बहुधा विनोदी आणि बोचरे असतात. राजकारणी, धनिक, प्रसिद्ध मंडळी यांची त्यांत यथेच्छ खिल्ली उडवलेली असते. वर्षभर खपून घडवलेले हे सर्व १९ मार्चच्या, म्हणजे संत जोसेफच्या दिवसाच्या, रात्री जाळून टाकतात. पूर्वी येथील सुतार हिवाळ्यात दिवे टांगण्यासाठी लाकडी घोडे वापरीत आणि वसंत आला की आपल्या आश्रयदात्या संताच्या दिवशी ते जाळीत, त्यातून ही प्रथा निघाली, असे सांगितले जाते. एवढ्या मोठ्या होळीतून केवळ एक मोठी आणि एक लहान आकृती लोकांच्या मतांनी वाचवली जाते. १९३४ पासून ही माफीची रीत आहे, आणि वाचलेल्या आकृत्या एका संग्रहालयात ठेवतात.

१ मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात ‘मास्क्लेता’ होते. दिवसाढवळ्या फटाके उडवण्याचा हा प्रकार डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी आणि छातीसाठी आहे. पाच-सहा मिनिटे सुटे बार, मग माळा, मग शेवटी जमीन हादरेल असा गडगडाट. आवाज १२० डेसिबलपर्यंत जातो. सणाच्या मुख्य दिवसांत सकाळी आठालाही मंडळाची माणसे वाद्ये आणि फटाके घेऊन गल्ली जागी करीत हिंडतात. दम्याच्या मुलाच्या आईने हे ऐकल्यावर काय केले असेल, ते तुम्हीच ओळखा. मी खिडक्या लावल्या, फटींना ओले टॉवेल लावले आणि पाच दिवस मुलाला घराबाहेर काढले नाही. आमच्या चौकात बालफाया उभी राहिली होती. त्यात एक मासा होता, चष्मा लावून पुस्तक वाचणारा. मुलगा काचेला नाक लावून त्या माशाकडे पाहत बसे. १९ तारखेच्या रात्री मासा जळाला, तेव्हा मी पडदा ओढून घेतला. त्या आठवड्यात त्याला एकदाही धाप लागली नाही, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एप्रिलमध्ये शाळेतून बोलावणे आले. बाई मृदू स्वभावाच्या; त्यांनी आधी मुलाच्या गणिताची स्तुती केली. मग म्हणाल्या, “तो कोणाशी बोलत नाही. तुम्हांला वाटत असेल, भाषेमुळे. भाषा तो माझ्यापेक्षा लवकर शिकेल. पण येथे मुलांची मैत्री वर्गात होत नाही, जेवणाच्या टेबलावर होते. आणि त्या वेळी तो येथे नसतो.”

दोनच आठवड्यांनी आरोग्यकेंद्रातील बालरोगतज्ज्ञांकडे नेहमीची तपासणी होती. त्यांनी छाती तपासली, फुंकून पाहायला लावले, वजन-उंची घेतली, सर्व ठीक. मग विचारले, “हा धावतो का?” मी अभिमानाने सांगितले की मी त्याला धावू देत नाही. त्यांनी पेन खाली ठेवले. दमा काबूत आहे याचा अर्थच मुळी मूल इतर मुलांसारखे धावू शकते असा होतो, हे मी स्वतः या सदरात लिहिलेले वाक्य त्यांनी मला स्पॅनिशमध्ये ऐकवले. ऐकताना माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

पुढच्या सोमवारपासून मुलगा शाळेत जेवू लागला. महिन्याच्या आरंभी जेवणाचा कागद घरी येतो. त्यात प्रत्येक दिवसाचे पदार्थ छापलेले असतात, आणि ॲलर्जी वा शाकाहार असेल तर आधी सांगावे लागते. आम्ही तिघेही शाकाहारी, फक्त अंडे चालते. मी भीतभीत कागद वाचला आणि चकित झाले. आठवड्यातून एकदा मसूर, एकदा हरभरे किंवा पांढरा राजमा, एकदा भात, बटाट्याचे जाड ऑम्लेट, भाज्यांचे दाट सूप आणि जेवणाच्या शेवटी रोज एक फळ. मसुरात एरवी मांसाचे तुकडे असतात, ते वगळून याला मिळू लागले. कडधान्याला स्पेनच्या घरगुती स्वयंपाकात इतके मानाचे पान आहे, हे मला तोवर कळलेच नव्हते, कारण मी कोणाच्या घरात डोकावलेच नव्हते. शाकाहारी वाचकांना एक व्यावहारिक सूचना येथेच करते. या देशात ‘मांस नको’ एवढेच सांगू नका. ताटात मासा किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात, कारण बोलीभाषेत मांस म्हणजे पुष्कळदा फक्त मोठा तुकडा. भाजीचे म्हणून मिळणाऱ्या सँडविचमध्ये ट्यूना मासा असणे ही तर नित्याची गोष्ट. मांस नको, मासा नको, हॅम नको, रस्साही त्यांचा नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. कोणी रागावत नाही.

आणखी एक बदल आपोआप झाला, तो घड्याळाचा. येथे दुपारचे जेवण दोन ते तीनच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊच्या पुढे. आरंभी मला हा शुद्ध बेशिस्तपणा वाटे. पण नकाशा उघडून पाहा. व्हॅलेन्सिया ग्रीनिचच्या रेखेला जवळजवळ खेटून, किंचित पश्चिमेस आहे. म्हणजे तिचे नैसर्गिक घड्याळ लंडनचे. परंतु १९४० मध्ये स्पेनने आपली घड्याळे मध्य युरोपाप्रमाणे एक तास पुढे केली आणि ती तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यांत आणखी एका तासाची भर पडते. परिणामी जून-जुलैत येथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोननंतर. पुण्यात तो साडेबाराच्या सुमारास येतो. तेव्हा येथील दोनचे जेवण म्हणजे आपल्याकडील साडेबाराचे जेवण. सूर्याच्या हिशेबाने माणसे वेळेवरच जेवतात; चुकते आहे ते भिंतीवरचे घड्याळ. मात्र याचा आधार घेऊन कितीही उशीर करावा, असे नव्हे. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेस मुर्सिया येथे वजन कमी करू पाहणाऱ्या ४२० व्यक्तींवर २० आठवडे एक अभ्यास झाला होता; तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुपारचे जेवण तीननंतर घेणाऱ्यांचे वजन, आहार जवळपास सारखा असूनही, तीनपूर्वी जेवणाऱ्यांपेक्षा कमी उतरले. वेळ आणि वजन यांचा संबंध दिसला एवढेच यातून म्हणता येते, पण आमच्या घरी अडीचच्या आत ताट पडते. रात्री आठला मुलाला हलके काही देते. नऊ-दहाला जेवून झोपणे त्याच्या छातीला मानवत नाही. भरल्या पोटी आडवे झाले की पोटातले आम्ल वर येते आणि खोकला उठतो. तेवढे एक येथील घड्याळ आम्ही घेतले नाही.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे वळते. आमचे घर चौथ्या मजल्यावर, त्यांचे बरोबर खाली. आमच्या फोडणीचा वास त्यांच्या स्वयंपाकघरात जातो या भीतीने मी वर्षभर त्यांची नजर चुकवीत होते. शाळा सुटून जूनची सुट्टी लागली, तेव्हा जिन्यात त्यांनीच मला गाठले आणि विचारले, “ते तुम्ही तेलात टाकता, तडतडते आणि मग सगळ्या जिन्याला भूक लागते, ते काय असते?” मी मोहरी आणि हिंग घेऊन गेले. परतताना रविवारच्या जेवणाचे आमंत्रण घेऊन आले.

पाएया हा शब्द तुम्ही ऐकला असेल, आणि तो ऐकताच कोळंबी-शिंपल्यांनी सजलेला पिवळा भात डोळ्यांपुढे आला असेल. व्हॅलेन्सियाच्या जुन्या माणसापुढे तसे म्हणू नका. मूळची पाएया ही शेतकऱ्यांची: कोंबडी, ससा, क्वचित गोगलगायी, चपट्या हिरव्या शेंगा, ‘गारोफो’ नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल, केशर आणि वरून रोजमेरीची एक काडी. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेराचे सरोवर आहे. त्याच्या काठच्या पाणथळ खाचरांत येथील भात पिकतो, मेमध्ये पेरतात आणि सप्टेंबरात कापतात. आखूड, गोलसर दाणा. रस्सा शोषून घेईल पण फुटणार नाही असा. आजींचा नियम कडक होता: तांदूळ धुवायचा नाही, एकदा पसरला की ढवळायचा नाही, झाकायचा नाही, आणि थर बोटभरापेक्षा जाड नको. ढवळल्याने तांदळाचे पीठ सुटते आणि भात चिकट होतो. आपल्या मऊ भाताच्या नेमके उलट शास्त्र.

आम्ही मांस खात नाही, हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. कोंबडी-सशावाचून पाएया होत नाही, मग तो होतो नुसता ‘वस्तू घातलेला भात’. येथे हा शब्द चेष्टेने वापरतात. “तुमच्यासाठी मी वस्तू घातलेला भात करीन,” असे त्या गंभीरपणे म्हणाल्या, आणि शेंगा, आर्टिचोक, ढोबळी मिरची व गारोफो घालून त्यांनी तो केला. गारोफोचा दाणा मुलाने चमच्यात उचलला, निरखला आणि ओरडला, “आई, ही तर डबल बी!” खरोखरच ती आपली डबल बीच. लिमा बीन या एकाच जातीचा घेवडा पुण्याच्या मंडईत एका नावाने येतो आणि येथील मध्यवर्ती मंडईत, १९२८ मध्ये उघडलेल्या त्या देखण्या घुमटाखाली, दुसऱ्या नावाने. आजी-आजोबांच्या घरी पुण्याला उसळ म्हणून खाल्लेली वस्तू येथे सापडली, या आनंदात त्याने तीनदा भात घेतला.

घेतला म्हणजे काय, तर ताटात नव्हे. घरच्या माणसांत पाएया पसरट कढईतूनच खातात. कढई मध्ये ठेवायची, सभोवती बसायचे, प्रत्येकाने चमचा घेऊन आपल्या समोरचा तुकडा खात मध्याकडे सरकायचे. शेजाऱ्याच्या हद्दीत जायचे नाही. तळाला लागलेली खमंग खरवड सर्वांत शेवटी खरवडून वाटून घेतात. तिला ‘सोकारात’ म्हणतात आणि तिच्यासाठी लहान-मोठे सारखेच भांडतात. भात संपल्यावर माझा हात सवयीने भांडी आवरायला गेला. आजींनी तो धरून खाली ठेवला. जेवणानंतर टेबलावरून न उठता गप्पा मारीत बसण्याला येथे एक स्वतंत्र शब्दच आहे, ‘सोब्रेमेसा’. त्या दिवशी आम्ही पावणेपाचपर्यंत बसलो. आरोग्याच्या दृष्टीने त्या कढईतल्या केशराचे किंवा ऑलिव्ह तेलाचे गुण मी तुम्हांला सांगू शकते. पण वर्षभर मुकाट जेवलेला माझा मुलगा त्या टेबलावर दोन तास बोलत होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मराठी, स्पॅनिश आणि हातवारे अशा तिहेरी भाषेत त्याने आजींना तांब्या म्हणजे काय ते समजावून दिले.

त्या उन्हाळ्यात आम्ही ओर्चाताही प्यायलो. शहराच्या उत्तरेला आल्बोराया नावाचे गाव आहे. तेथील रेताड जमिनीत ‘चुफा’ हे पीक घेतात. जमिनीखाली लागणारे, सुरकुतलेल्या वाटाण्याएवढे कंद. आपला नागरमोथा आणि लव्हाळा ज्या कुळातील, त्याच कुळातील ही वनस्पती. कंद भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, साखर घालून थंडगार करायचे. की झाला दुधासारखा पांढरा, किंचित मातकट गोडीचा ओर्चाता. सोबत बुडवून खायला लांबट मऊ पाव, ‘फार्तोन’. यात दूध नाही, गव्हाचा अंश नाही (पावात आहे, हे विसरू नका), आणि चुफा कंद असल्याने तो बदाम-काजूंच्या जातीचाही नव्हे. मात्र साखर भरपूर असते. मधुमेही पाहुणे आले तर बिनसाखरेचा मागावा. बहुतेक ठिकाणी मिळतो.

वर्षाचे इतर सण मी पटकन सांगून टाकते. २३ जूनच्या रात्री समुद्रकिनाऱ्यावर शेकोट्या पेटवतात आणि मध्यरात्री लाटांवरून उड्या मारतात. ९ ऑक्टोबरला, १२३८ मध्ये राजा हाउमे याने शहरात प्रवेश केला त्या दिवशी, प्रिय व्यक्तीला रुमालात बांधून बदामाच्या गोळ्याची चिमुकली फळे देतात. आमच्या पतिराजांनीही हा रुमाल आणला, पण आतली फळे घरी पोहोचेपर्यंत निम्मी झाली होती. ३१ डिसेंबरला मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे खातात, एका ठोक्याला एक. याबाबत मात्र गंभीरपणे सांगते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे द्राक्ष कधीही देऊ नका, मग स्पेन असो वा सांगली-नाशिक. ते गुळगुळीत फळ घशात अडकले तर श्वासनलिका बुचासारखी बंद करते. उभे चार तुकडे करून द्यावे, आणि घाईच्या खेळात तर मुळीच देऊ नये.

आणि मग पुन्हा मार्च आला.

या वेळी मुलगा आठ वर्षांचा होता, त्याला चार मित्र होते, आणि चौकातील मंडळाच्या बालफायेसाठी त्याने इतर मुलांबरोबर कागदी लगद्याच्या एका कासवाला रंग दिला होता. ते कासव जळताना पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे. नाही म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते आणि हो म्हणण्याचेही नव्हते. आम्ही फेब्रुवारीतच डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी जे सांगितले ते वाचकांपैकी ज्यांच्या घरी दमा आहे त्यांनी दिवाळी, होळी, शेकोटी या प्रत्येक प्रसंगी आठवावे. पहिली गोष्ट, रोजचे प्रतिबंधक औषध सणापूर्वीचे कित्येक आठवडे एकही दिवस न चुकवता चालू असले पाहिजे; सणाच्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही. दुसरी, हिरवा, पिवळा, लाल अशा तीन रंगांत लिहिलेला कागद: सर्व ठीक असताना काय, खोकला-घरघर सुरू झाल्यास काय, आणि बोलताना धाप लागली, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली की काय. तात्काळ आराम देणाऱ्या पंपाचे किती झटके, हे मी येथे लिहीत नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी तुमच्याच मुलासाठी लिहून द्यावयाचे असते. लाल रंगात आपत्कालीन क्रमांक लिहिलेला, येथे ११२. तिसरी, पंप आणि त्याला जोडायचा स्पेसर आईच्या पर्समध्ये, घरच्या कपाटात नव्हे. चौथी, एफएफपी-२ मुखपट्टी. ती धुरातले कण बऱ्याच प्रमाणात अडवते, वायू अडवीत नाही, म्हणून ती लावली की कोठेही उभे राहावे असा अर्थ काढू नये. आणि शेवटची, वाऱ्याकडे पाहावे. धूर जिकडे जातो त्याच्या विरुद्ध बाजूला, निघायची वाट मोकळी असेल तेथे उभे राहावे. अलीकडच्या मोठ्या फाया पांढऱ्या थर्मोकोलसारख्या पदार्थाच्या असतात आणि त्यांचा धूर काळा व दाट निघतो. तेव्हा मोठी नको. लाकूड-पुठ्ठ्याची आमची बालफाया, जी रात्री आठच्या सुमारास, मोठीच्या आधी पेटते, तेवढी पाहावी असे ठरले. काही कलावंत पुन्हा लाकूड आणि भाताच्या पेंढ्याकडे वळले आहेत. त्यांचे भले होवो.

मास्क्लेता आम्ही एकदाच पाहिली, म्हणजे ऐकली, तीही चौकापासून तीन गल्ल्या दूर, मुलाच्या कानांवर जाड कर्णरक्षक बसवून. येथील लोक गडगडाट सुरू झाला की तोंड किंचित उघडे ठेवायला सांगतात. एवढ्या लांबूनही शेवटचा मिनिट पोटात वाजला. मुलाने माझा हात घट्ट धरला होता, आणि तो हसत होता.

त्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर कढया चढतात आणि त्यांत ‘बुन्युएलो’ तळतात. लाल भोपळ्याचा गर घातलेल्या आंबवलेल्या पिठाचा गोळा, बोटाने मध्ये भोक पाडून तेलात सोडलेला, साखरेत घोळलेला, सोबत वाटीत दाट चॉकलेट. पहिला घास घेताच मला आईच्या हातचे भोपळ्याचे घारगे आठवले. पीठ वेगळे, गूळ नाही, पण तळलेल्या भोपळ्याचा तो वास कोणत्याही देशात तोच असतो. आहारतज्ज्ञ म्हणून विचाराल तर तळण आहे, साखर आहे, मैदा आहे. मी चार खाल्ले.

१९ तारखेला संध्याकाळी पावणेआठला आम्ही चौकात वाऱ्याची पाठ धरून उभे राहिलो. शेजारच्या भिंतींवर अग्निशमन दलाचे पाणी मारून झाले होते. मंडळातील एका मुलीने वात पेटवली. आधी फटाक्यांची माळ, मग ज्वाळा. कासव एका बाजूने काळे पडत गेले आणि मग अचानक नाहीसे झाले. मंडळातील मुली सणाचे ते जड रेशमी पोशाख घालून रडत होत्या, मोठी माणसेही डोळे पुशीत होती. दहा दिवसांचा गणपती पाण्यात सोडताना आपल्या घशात जे होते, त्याहून ते निराळे नव्हते.

आणि तेव्हाच वारा फिरला. धुराचा एक लोट सरळ आमच्यावर आला. मुलगा खोकला, एकदा, दोनदा, मग थांबेना. मी घाबरून हातपाय गाळीन असे मला वाटले होते. पण कागदाचा पिवळा रंग तोंडपाठ होता. आम्ही आधी ठरवलेल्या गल्लीतून बाहेर पडलो, पायरीवर बसलो, मुखपट्टी काढली, स्पेसर लावला. त्याचे चारही मित्र मागोमाग आले होते. एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरा स्पेसरकडे बोट दाखवून म्हणाला की आपल्या मोठ्या भावाकडेही असाच आहे, फक्त निळा. सात-आठ मिनिटांत खोकला उतरला. तो म्हणाला, “आई, आता मोठी पाहू?” मी म्हणाले, “नाही.” त्याने फार वाद घातला नाही.

घरी आल्यावर त्याचे कपडे बदलले, तोंड-केस धुतले, धुराचे कपडे बाल्कनीतल्या बादलीत टाकले. दहाच्या सुमारास खालच्या आजी कागदी पुडीत बुन्युएलो घेऊन वर आल्या. जिना चढल्याने त्यांनाच धाप लागली होती. खिडकीबाहेर मोठ्या फायेचा उजेड भिंतीवर नाचत होता. खिडक्या बंद होत्या, पडदा मात्र मी उघडा ठेवला होता. मुलगा अर्धा बुन्युएलो हातात धरूनच झोपी गेला. मी त्याच्या छातीकडे पाहत, मनगटावरचे घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. २२. आजींनी नजरेनेच विचारले. मी बोटांनी सांगितले, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसलो.